कितवा आला?

खेळणाऱ्या मुलाचे मन घडवण्यात आईवडिलांचा वाटा मोठा असतो आणि बिघडवण्यातही तेवढाच असतो. फरक एवढाच की घडले तर श्रेय घ्यायला दोघेही हजर असतात आणि बिघडले तर दोष पीटीच्या सरांकडे जातो. या विषयावरची पुस्तके बहुतेक मोठ्या शहरांतल्या पालकांना समोर ठेवून लिहिलेली असतात. त्यांतला बाप मुलाला मोटारीने अकादमीत सोडतो, आई डब्यात भिजवलेले बदाम देते आणि अडचण आलीच तर क्रीडा मानसतज्ज्ञाची वेळ घेतली जाते. गोंदिया जिल्ह्याच्या सडक अर्जुनी तालुक्यातल्या सौंदडला मोटार, अकादमी आणि मानसतज्ज्ञ या तिन्हींचा तुटवडा आहे. पालकांचा मात्र अजिबात नाही. त्यामुळे हा विषय त्याच्या शुद्ध स्वरूपात सौंदडलाच अभ्यासावा हे बरे.

सौंदड नागपूरहून रायपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर, साकोलीच्या पुढे आणि कोहमाऱ्याच्या अलीकडे आहे. गोंदियाहून बल्लारशाकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचे ते एक स्टेशनही आहे. भोवताली धानाच्या बांध्या आहेत. या मुलखात खेळाचे वेळापत्रक साधारण पिकासारखे चालते. पावसाळा सरत आला की शालेय स्पर्धा लागतात. आधी तालुका, मग जिल्हा, मग विभाग, आणि नशिबात असेल तर राज्य. वयोगट १४, १७ आणि १९ वर्षांखालचे. थंडी पडली की गावोगावी दिव्यांच्या उजेडात कबड्डीचे सामने होतात. तिसरा खेळ बारमाही आहे आणि त्याचे नाव भरती. पहाटे चारला महामार्गाच्या कडेने ट्रकांच्या उजेडात पळणारी पोरे दिसतात, ती पोलीस भरतीची. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक, असा ५० गुणांचा हा खेळ आहे. ऑलिंपिकमध्ये तो नाही. पण त्यात जिंकणाऱ्याला दर महिन्याला पगार मिळतो, त्यामुळे गावाच्या लेखी तो ऑलिंपिकच्या एक पायरी वरच आहे.

पालकांचा खेळाकडे पाहण्याचा डोळा इथे तयार होतो. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव असतात आणि दहावी-बारावीला क्रीडा सवलतीचे गुणही मिळतात. ज्या बापाला ऑफसाइड म्हणजे काय हे माहीत नसते, त्याला हे दोन नियम तोंडपाठ असतात. मुलगा समोरच्या फितीकडे बघत धावतो आणि बाप त्यानंतर मिळणाऱ्या प्रमाणपत्राकडे बघत असतो. यात बापाला हावरट म्हणण्यात अर्थ नाही. ज्याचे वर्षाचे उत्पन्न पावसावर आणि धानाच्या बोनसवर ठरते, त्याला शिक्का मारलेल्या कागदाची ओढ वाटणारच. अडचण अशी की हा सगळा हिशेब चौदा वर्षांच्या पोराच्या पाठीवर बांधून त्याला पळायला सांगितले जाते. पोराला वाटते आपण १०० मीटर पळतो आहोत. घर मात्र त्याच्याबरोबर ट्रॅक्टरचा हप्ता, बहिणीचे लग्न आणि स्लॅबचे राहिलेले काम घेऊन पळत असते. इतक्या वजनाने राष्ट्रीय विक्रम होत नाहीत.

मनावरच्या ताणाचे शास्त्र जुने आहे. १९०८ मध्ये रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन या दोन अमेरिकन संशोधकांनी उंदरांना विजेचे कमी-जास्त झटके देऊन ते किती लवकर शिकतात हे पाहिले. काम अवघड असेल तर फार सौम्य झटक्याने उंदीर हळू शिकतो आणि फार जोराच्या झटक्यानेही हळूच शिकतो, असे त्यांना आढळले. मानसशास्त्राने यावरून पुढे असा अर्थ काढला की थोडी धडधड खेळाडूला उपयोगाची असते आणि फार धडधड त्याला खाते. उंदरांवरचा प्रयोग तेव्हाच संपला. मुलांवरचा घरोघरी चालू आहे. दुसरी गोष्ट अशी की हजार वेळा केलेली हालचाल शरीर आपोआप करते, आणि नेमक्या वेळी तिच्याकडे लक्ष वेधले की ती बिघडते. जिना उतरताना कोणता पाय आधी टाकावा याचा विचार करणारा माणूस पडतो. धावणाऱ्या पोराला ‘पाय उचल, पाय उचल’ असे ओरडून सांगणारा बाप हेच करत असतो. पोराने पाय उचललेलेच असतात. आता तो ते मोजू लागतो.

स्पर्धेच्या आदल्या रात्रीपासून पालकांचा खरा हंगाम सुरू होतो. तेरा ते अठरा वयाच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते असे वैद्यकशास्त्र सांगते. हे बापालाही ठाऊक असते, आणि झोपेचे महत्त्व तो पोराला रात्री साडेअकरापर्यंत समजावून सांगतो. मग काकाचा फोन येतो, मामाचा येतो, पुण्याला कंपनीत असलेल्या मावसभावाचा येतो. सगळ्यांचा निरोप एकच: टेन्शन घेऊ नको. नऊ जणांनी टेन्शन घेऊ नको म्हटल्यावर घेण्यासारखे काही तरी नक्की आहे, एवढे पोराच्या लक्षात येते. सकाळी आई दही-साखर हातावर ठेवते, त्यावर पोहे, त्यावर दोन केळी, आणि वाटेत लागेल म्हणून डबा. ही माया खरी असते. पण ती पोटात घेऊन ४०० मीटर पळताना तिचे वजन कळते.

उलट उदाहरण कोल्हापूर जिल्ह्यातले आहे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सच्या अंतिम फेरीत ४५१.४ गुण मिळवून तिसरा आला. वडील शिक्षक, आई गावची सरपंच. चौदाव्या-पंधराव्या वर्षी मुलगा राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला, तेव्हापासून बहुतेक काळ घराबाहेरच. पदकानंतर वडिलांनी पत्रकारांना सांगितले की आम्ही आदल्या दिवशी त्याला फोन केला नाही, त्याचे लक्ष खेळावर राहू दिले. ऑलिंपिकच्या अंतिम फेरीच्या आदल्या दिवशी पोटच्या पोराला फोन न करणे, तेही सरपंच आणि शिक्षकाच्या घरातून, म्हणजे गावात सर्वांत जास्त बोलण्याचा अधिकार असलेल्या दोन माणसांनी, याला जी मनाची ताकद लागते ती नेमबाजीला लागणाऱ्या ताकदीच्या तोडीची मानावी लागेल. त्या सकाळी त्याने फक्त काळा चहा घेतला होता, असे स्वप्नीलने नंतर सांगितले. ही दुसरी बातमी पालकांच्या हाती लागू देऊ नये. उद्यापासून ते पोरांना काळ्या चहावर ठेवतील.

मैदानावर पोचल्यावर पालक रेषेच्या बाहेर उभे राहतात. शरीर बाहेर असते एवढेच. कबड्डीत चढाई करणाऱ्याला ३० सेकंद मिळतात. तेवढ्या वेळात त्याने दम धरायचा, सात जणांच्या हालचाली बघायच्या, बोनस रेषा साधते का ते पाहायचे आणि जिवंत परत यायचे. याच ३० सेकंदांत त्याला बाहेरून ‘बोनस घे’, ‘हात मार’, ‘वापस ये’, ‘डाव्याकडून जा बे’, ‘कोपरा पाय’ असे पाच आदेश मिळतात. पैकी दोन त्याच्या बापाचे असतात आणि तेही एकमेकांच्या विरुद्ध. पंचाने बोट दाखवले की बाप पंचाशी भांडायला मैदानात येतो. पोर तेव्हा खाली मान घालून बुटाची लेस बांधत असते. ती सुटलेली नसते.

हा त्रास फक्त पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीचा नाही. अमेरिकेच्या ओहायो राज्यात मुलींच्या एका फुटबॉल लीगने ऑक्टोबर १९९९ मध्ये एक दिवस असा ठरवला की त्या दिवशी पालकांनी आणि प्रशिक्षकांनी काही म्हणजे काही बोलायचे नाही. टाळ्या चालतील, शब्द नको. पुढे ही प्रथा इतर देशांतही गेली, आणि काही ठिकाणी तर तोंड बंद राहावे म्हणून पालकांच्या हाती काडीला लावलेली गोळी देतात. सौंदडकडे काही पालकांच्या तोंडात तंबाखूचा खर्रा असल्यामुळे ते मुळातच मौनात असतात, पण हा उपाय आरोग्य खात्याला मान्य नाही. महिला टेनिसमध्ये तर प्रकरण नियमापर्यंत गेले. फ्रान्सची मेरी पियर्स खेळत असताना तिचे वडील जिम पियर्स प्रेक्षकांतून इतके वाईट वागत की १९९३ मध्ये त्यांना स्पर्धांना येण्याची बंदी झाली, आणि नातेवाइकांच्या वर्तनाचा तो नियम त्यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. मुलांमुळे नाव निघालेले बाप पुष्कळ आहेत. नियमामुळे नाव निघालेला हा एक. आंद्रे आगासीने २००९ च्या आत्मचरित्रात लिहिले की आपल्याला टेनिसचा मनस्वी तिटकारा होता. त्याच्या वडिलांनी घरी चेंडू फेकणारे यंत्र स्वतः खटपट करून जास्त वेगाचे केले होते, आणि लहानगा आंद्रे त्याला ड्रॅगन म्हणत असे. आठ मोठ्या स्पर्धा जिंकलेल्या माणसाचे हे बालपण आहे. तिटकाऱ्यानेही जिंकता येते, हा काही त्या पद्धतीच्या बाजूचा पुरावा नव्हे.

आपल्याकडचा दाखला अधिक शांत आहे. नोव्हेंबर २०१३ मध्ये वानखेडेवर सचिन तेंडुलकर दोनशेवी आणि शेवटची कसोटी खेळला, तेव्हा त्याची आई रजनीताई मैदानात बसून त्याचा खेळ पहिल्यांदाच पाहत होत्या. चोवीस वर्षे देशाने त्याला कसे खेळावे हे सांगितले. आई घरी होती. प्रत्येक पालकाने मैदानाकडे फिरकूच नये असा याचा अर्थ नाही. पुष्कळ मुलांना गर्दीत आपले माणूस दिसले की बरे वाटते. ते माणूस दिसावे, ऐकू येऊ नये, एवढेच. शक्य तर पंचांच्या मागे उभे राहू नये.

पालकांच्या हातून सर्वांत जास्त नुकसान होते ते घरी परतताना. परदेशातल्या पुस्तकांत याला मोटारीतला प्रवास म्हणतात. इथे तो मोटारसायकलवर होतो. गोंदियाला जिल्हास्तराची स्पर्धा हरून पोर मागे बसलेले असते, पिशवी दोघांच्या मधे, आणि गोरेगाव, कोहमारा करत घर येईपर्यंत बापाला तास-सव्वा तासाचा निर्वेध वेळ मिळतो. मोटारसायकलवर पोराला उतरून जाता येत नाही आणि हेल्मेटमुळे बापाला त्याचा चेहरा दिसत नाही. व्याख्यानाला याहून सोयीची जागा नाही. सुरुवातीला तंत्र येते, मग आहार, मग मोबाइल, मग बापाने लहानपणी अनवाणी केलेला प्रवास. वास्तविक पोर त्या क्षणी थकलेले, भुकेले आणि शरमिंदे असते. आपण कुठे चुकलो हे त्याला बापापेक्षा नक्की चांगले माहीत असते, कारण चूक झाली तेव्हा तो तिथे होता.

या प्रवासाचा उत्तम नमुना झाडीपट्टीत पिढ्यान्‌पिढ्या आहे, तो शंकरपटाचा, म्हणजे बैलांच्या शर्यतीचा. पटात हरलेली जोडी घरी नेताना मालक वाटेत बैलांना त्यांच्या चुका समजावत नाही. पलीकडच्या गावची जोडी पहाटे किती वाजता उठते, हे त्यांना ऐकवत नाही. आपण तुमच्यावर किती खर्च केला, हा हिशेब त्यांच्यापुढे मांडत नाही. पाणी दाखवतो, पाठीवर हात फिरवतो, ढेप घालतो, आणि जोडी पुढच्या पटाला पुन्हा उभी राहते. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये या शर्यती बंद केल्या होत्या. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती वैध ठरवली. आता बैल पळवायचे तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, पशुवैद्यकाने बैल तपासलेले लागतात, आणि काठी, चाबूक किंवा विजेचा झटका वापरायला बंदी आहे. पोर पळवायला यातले काहीही लागत नाही.

गावात शिरल्यावर चौकशी सुरू होते. चौकात, किराणा दुकानात, पाण्याच्या टाकीपाशी प्रश्न एकच असतो.

‘कितवा आला बे?’

‘दुसरा.’

‘मंग पयला कोन आला?’

‘गोरेगावकडचा होता एक.’

‘त्याले का पंख हायेत का?’

जिल्ह्यात दुसरा आलेला मुलगा घरी पोचेपर्यंत गावात शेवटचा झालेला असतो. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, लागली की हाच प्रश्न नव्याने येतो, कारण मंडईला सगळे पाहुणे जमतात, आणि रात्रीच्या नाटकाला वेळ असेपर्यंत त्यांना काही तरी करमणूक लागते. इथे पालकांना एक काम करता येण्यासारखे असते: पोराच्या आणि प्रश्नाच्या मधे उभे राहणे. ‘चांगला पळला, आता जेवू द्या त्याले’ एवढे वाक्य पुरते. पण बहुतेक घरांत बाप पाहुण्यांच्या बाजूने सामील होतो आणि गोरेगावच्या मुलाची तारीफ स्वतःच सुरू करतो.

नॉर्वेत हा प्रश्न विचारताच येत नाही. तिथल्या क्रीडा महासंघाने १९८७ मध्ये मुलांच्या खेळाचे नियम केले आणि २००७ मध्ये ते सुधारले. त्यांनुसार अकरा वर्षांखालच्या मुलांच्या स्पर्धेत निकालाची यादी, गुणतक्ता किंवा क्रमवारी लावत नाहीत, आणि तेरा वर्षांआधी राष्ट्रीय अजिंक्यपद नाही. खेळ निवडायचा आणि सोडायचा अधिकार मुलाचा. सौंदडच्या दृष्टीने हा शुद्ध वेडेपणा आहे. क्रमांकच नाही तर सत्कार कोणाचा करायचा? तरीही गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांच्या एकत्रित लोकसंख्येच्या जेमतेम दुपटीएवढ्या या देशाने २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये १६ सुवर्णपदके जिंकली. एका हिवाळी ऑलिंपिकमध्ये इतकी सुवर्णपदके तोवर कोणत्याही देशाने जिंकली नव्हती. त्यांच्याकडे बर्फ आहे असा आक्षेप यावर घेता येतो. पण बर्फ इतर देशांतही पडतो.

हरण्याइतकीच जिंकण्याचीही काळजी घ्यावी लागते, आणि ती तर कोणीच घेत नाही. मुलगा राज्यस्तराला निवडला गेला की दोन दिवसांत चौकात फ्लेक्स लागतो. त्यावर आमदारांचा फोटो मोठा, जिल्हा परिषद सदस्यांचा मध्यम, शुभेच्छुकांचे पासपोर्ट आकाराचे, आणि खाली उजव्या कोपऱ्यात खेळाडू, बहुधा आधार कार्डावरचा. शाल, श्रीफळ, भाषणे. ‘जन्मजात धावपटू’, ‘सौंदडचा वाघ’ असे काही तरी ठरते. इथून पुढे वाघाला हरण्याची सोय राहत नाही. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरॉल ड्वेक यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पाचवीच्या मुलांना कोडी सोडवायला दिली. काहींना सांगितले, तू हुशार आहेस. काहींना सांगितले, तू मेहनत चांगली घेतलीस. मग अवघड कोडी दिली, सगळेच अडखळले. त्यानंतर पुन्हा सोपी दिली, तेव्हा हुशार म्हटलेल्यांची कामगिरी पहिल्यापेक्षा घसरली आणि मेहनती म्हटलेल्यांची सुधारली. गंमत पुढे आहे. दुसऱ्या शाळेतल्या मुलांना आपले गुण लिहून कळवा म्हटल्यावर हुशार ठरवलेल्या मुलांपैकी कितीतरी जणांनी ते वाढवून लिहिले. मोठेपणी त्यांतले काही जण नक्कीच फ्लेक्स छापत असतील.

मेहनतीचे कौतुक करावे याचाही अर्थ पालक आपल्या सोयीने लावतात. ‘मेहनत कमी पडली’ हे कौतुक नव्हे. नेमके काय आवडले ते सांगावे: पडल्यावर उठून शर्यत पूर्ण केलीस, पंचाने चुकीचा निर्णय दिला तरी हुज्जत घातली नाहीस, हरल्यावर त्या पोराला हात दिलास. असे सांगायला मात्र खेळ नीट पाहावा लागतो, आणि बाप तर पूर्ण वेळ मोबाइलवर चित्रण करत असतो. सुवर्णपदकही मनाला मोकळे सोडत नाही, हे नेमबाज अभिनव बिंद्राने स्वतःच सांगून ठेवले आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकनंतर, आयुष्यभराचे ध्येय हाती आल्यावर, त्याला मोठी पोकळी जाणवली आणि त्यातून बाहेर यायला वेळ लागला.

विश्रांती या विषयावर पालकांचा विश्वास कमी असतो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये सल्ला दिला की एकाच खेळाला वाहून घेणे पंधरा-सोळा वर्षांपर्यंत लांबवावे, आठवड्यातून एक-दोन दिवस सुट्टी द्यावी आणि वर्षातून एकूण तीन महिने त्या खेळापासून दूर ठेवावे. सौंदडला ही तरतूद निसर्गानेच केली आहे. रोवणीच्या दिवसांत सगळे घर बांधीत असते, तिथे मैदानाची आठवण कोणाला होत नाही. दिवसभर वाकून चिखलात रोप लावल्यावर मांड्या आणि कंबर यांना जो व्यायाम होतो, त्याला शहरात महिन्याची फी आहे.

पालकांनी खेळ शिकू नये असे नाही. नागपूरची बॅडमिंटनपटू मालविका बनसोड हिचे आईवडील दोघेही दंतवैद्य. मुलीला मदत व्हावी म्हणून आईने क्रीडाशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली, आणि जानेवारी २०२२ मध्ये इंडिया ओपनमध्ये मुलीने सायना नेहवालला हरवले. बहुतेक पालक क्रम उलटा लावतात. सल्ला आधी देतात आणि अभ्यास राहून जातो. इतका अभ्यास ज्यांना जमणार नाही त्यांनी बूट वेळेवर आणावेत, तापात पळवू नये, गुडघा दुखतो म्हणाले तर तो दुखतो असे समजावे, आणि खेळ सोडतो म्हणाले तर त्याच रात्री नातेवाइकांची बैठक बोलवू नये. सोडण्याची मुभा असलेली मुले बऱ्याचदा सोडत नाहीत.

शेवटचा मुद्दा रडण्याचा. ‘पोरीसारखा रडतोस काय’ हे वाक्य गावात मनाच्या कणखरपणाचा संपूर्ण अभ्यासक्रम मानले जाते. नागपूरची दिव्या देशमुख २८ जुलै २०२५ रोजी बटुमीला बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकली, समोर कोनेरू हम्पीसारखी खेळाडू होती, आणि डाव संपल्यावर एकोणीस वर्षांची ही मुलगी आईच्या गळ्यात पडून रडली. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जने नवी मुंबईत महिला क्रिकेट विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा काढल्या. सामन्यानंतर तिने सांगितले की या स्पर्धेत ती जवळजवळ रोज रडत होती, चिंतेने ग्रासली होती, आणि आईला फोन करून नुसती रडायची, आई ऐकत राहायची. ३३९ धावांचा पाठलाग करणाऱ्या त्या रात्रीच्या मागे आईचे हे ऐकणे होते. पोरीसारखे रडणे म्हणजे हे असेल, तर तालुक्यातल्या सगळ्या मुलांना ते शिकवायला हवे.

पण रडणे मोकळे करणारे असते तसे इशारा देणारेही असते, आणि दोन्हींतला फरक पालकांनाच आधी कळू शकतो. मूल दोन आठवड्यांहून जास्त दिवस नीट झोपत नसेल, जेवण टाळत असेल, स्पर्धा आली की दर वेळी पोट किंवा डोके दुखत असेल, मित्रांना आणि मैदानाला चुकवत असेल, किंवा जगण्यालाच कंटाळल्यासारखे बोलत असेल, तर ती नाटके नव्हेत, नजरही लागलेली नाही आणि मोबाइल काढून घेतल्याने ते जाणार नाही. डॉक्टरांना दाखवावे. सौंदडहून मानसतज्ज्ञ लांब असला तरी फोन लांब नाही: केंद्र सरकारची टेली मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, क्रमांक १४४१६, दिवसरात्र, मोफत, मराठीतून. जिल्हास्तराच्या स्पर्धेच्या आदल्या रात्री पालकांनी तो स्वतःसाठी लावला तरी चालतो.